रेजिना आंटींचं बाद सॅम्पल

"हे सॅम्पल रिजेक्ट कर," डॉ. समीर म्हणाले. "फॅट बघ केवढं दाखवतंय. हिरडीतून एवढं फॅट येतं का? खलास."

ग्राफ बघून मीही चक्रावले होते.

शारजाच्या एका लॅबमध्ये मी इन्फ्रारेड मशीन चालवते. इन्फ्रारेड म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. प्रत्येक पदार्थ तो आपापल्या ठरलेल्या जागी शोषतो, त्यावरून आत काय आहे ते कळतं. दात आणि हिरडीच्या फटीत किंचित द्रव असतो. तो कागदाच्या बारीक पट्टीवर टिपून आम्ही तपासत होतो. डायबेटिसमध्ये हिरड्या गुपचूप खराब होतात आणि बरेच जण दात हलेपर्यंत काही करत नाहीत. पद्धत अजून प्रयोगातच होती. पण ज्यांचा ग्राफ संशयास्पद निघे, त्यांना डेंटिस्टकडे पाठवत होतो. सॅम्पल बाद झालं की ते राहिलंच.

हे सॅम्पल रेजिना आंटींचं होतं. मूळच्या वसईच्या, दुबईत अल कुसैसला लेकीकडे राहणाऱ्या, बारा वर्षांची शुगर. सॅम्पल देताना, पट्टी लावण्यापुरता हात काढला तेवढाच, बाकी सगळा वेळ त्यांनी तोंडावर हात धरला होता. मला ते आठवलं.

"सर, एक फोन करू?"

"फॉर्मवर क्लिअर लिहिलंय. खायचं नाही, प्यायचं नाही, ब्रश नाही."

"लिहिलंय हो. पण वाचून माणूस काय करतो, ते फॉर्मला कुठे कळतं?"

आंटींनी फोनवर आधी ठाम नकार दिला. "काही घेतलं नव्हतं गं. ब्रशसुद्धा नाही केला." मग जरा थांबून म्हणाल्या, "खोबरेल तेलाची गुळणी केली तेवढी. तू एवढी जवळ येणार, तुला वास यायला नको."

माझा अख्खा दिवस त्या तेलात गेला होता. मी वैतागून काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "नातवाचा पापासुद्धा घेत नाही मी हल्ली. वय झालं की तोंडाला वास यायचाच. पण त्या बाळाला कशाला त्रास?"

राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांना पुन्हा सॅम्पल द्यायला बोलावलं, गुळणी न करता.

दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या, या वेळी तेलाशिवाय.

"वास येईल हां," त्या पुटपुटल्या.

"येऊ द्या. तुमच्या जागी माझी आई असती तर तिच्याही तोंडाला आला असता."

त्यांनी डोळे गच्च मिटून तोंड उघडलं. या ग्राफवर सूज दाखवणाऱ्या खुणा स्पष्ट होत्या. डॉ. समीरांनी तो बराच वेळ पाहिला आणि डेंटिस्टसाठी चिठ्ठी स्वतः लिहिली. आंटींच्या हिरड्या आतून पोखरल्या होत्या. एक दात काढावा लागला, बाकीचे वाचले. वास वयाचा नव्हता, आजाराचा होता.

दोन महिन्यांनी त्या नातवाला घेऊन भेटायला आल्या. "ग्रँडमा, स्टॉप इट, टू मेनी," म्हणत तो गाल पुसत होता आणि आंटी काही ऐकत नव्हत्या. मला हसूही येत होतं आणि रडूही.

आमच्या फॉर्मवर आता एक ओळ जास्त आहे: तोंडाला वास येत असला तरी तसेच या, आम्हाला चालतो. डॉ. समीरांना ती अनप्रोफेशनल वाटते. मी ती काढलेली नाही.