तिसरी हाक

आमचा देश लहान आहे. पावसाळा सरता सरता धरण भरलं की वस्तीच्या चारी बाजूंनी पाणी येतं आणि उन्हाळा लागेपर्यंत हलत नाही. तेवढे महिने आम्ही स्वतंत्र राष्ट्र. लोकसंख्या एका टेम्पोत मावेल एवढी. म्हातारे उभे राहायला तयार झाले तर शेळ्यासुद्धा. आरमार म्हणजे रिकाम्या ड्रमांवर फळ्या बांधून केलेला एक तराफा. सीमेवर एक लंगडं कुत्रं, ते परक्यांपेक्षा आमच्यावरच जास्त भुंकतं. राष्ट्रप्रमुख माझा चुलता, कारण त्याचा आवाज मोठा. तो म्हशीला बोलावतो तेव्हा वडवणीच्या बाजारातली गिऱ्हाइकं मागं वळून बघतात. आणि परराष्ट्रमंत्री मी. बारावी झालेला आणि कॉलरचा शर्ट असलेला मीच एकटा होतो.

परराष्ट्र म्हणजे बीड. तिथल्या एका कचेरीत मी इतका बसलोय की व्हरांड्यातल्या बाकड्याला माझ्या बैठकीचा खळगा पडलाय. मागणी एकच, पूल. बैलगाडी जाईल एवढा पुरे. अडचण अशी की सरकारनं आमच्याबद्दल दोन निर्णय घेतले आणि दोन्ही कायम ठेवले. एका खात्याचे साहेब भर मे महिन्यात आले. जीप थेट वस्तीत आली. साहेबांनी बुटाच्या टोकानं माती उकरली, धुरळा उडाला, आणि ठरलं की ही वस्ती बुडालेली नाही, सबब दुसरीकडं जागा मिळणार नाही. दुसऱ्या खात्यानं बीडमध्येच पंख्याखाली नकाशा उघडला. नकाशात आम्ही निळे होतो. म्हणून ठरलं की ही वस्ती बुडालेली आहे, आणि बुडालेल्या जागेला पूल देता येत नाही. एका टेबलासमोर मी कोरडा ठणठणीत, पलीकडच्या टेबलासमोर गळ्यापर्यंत गाळात. मधल्या बोळीत चहा प्यायचो तेवढाच वेळ काय तो माणूस.

या गोष्टी सांगून मी अख्खी एसटी हसवत न्यायचो. थोरला भाऊ जाईपर्यंत.

पण त्याआधी हाकेचं सांगायला हवं. वस्ती आणि पलीकडच्या रस्त्याच्या मधला पाण्याचा फाटा रुंदीला फार नाही, पण खोल आहे. पलीकडून कुणाला यायचं असलं की त्यानं काठावरून हाक मारायची, मग इकडून तराफा सुटतो. मोबाइल सगळ्यांकडं आहेत, फक्त रेंज बाभळीच्या शेंड्याला येते आणि तिथं कावळ्यांचा कब्जा आहे. तर हाक. आमच्याकडं पाण्यावरून आलेल्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. जुनं गाव या पाण्याखाली आहे, त्याच्या चुली, त्याची स्मशानभूमी, सगळं. तिथली माणसं अजून हाका मारतात, पण त्यांचा दम दोन हाकांत संपतो, असं जुने लोक सांगायचे. तिसरी हाक फक्त जित्या माणसाला जमते. म्हणून तिसरीला ओ. पाव्हण्यांना पाठ, दूधवाल्याला पाठ. घोड्यावरच्या नवरदेवानं वरात थांबवून तीनदा हाळी दिलेली मी पाहिलीय. बँडवाल्यांनी मागून सूर धरला होता.

भाऊ दिंद्रुडच्या बाजाराला गेलता. परतला तेव्हा दिवस बुडत होता आणि वारा सुटला होता. त्यानं हाक मारली. वस्तीनं ऐकली. दुसरी मारली, तीही ऐकली. वहिनी चुलीपुढून उठून दारात आली. चुलता तराफ्याची दोरी सोडून हातात धरून उभा राहिला. सगळी वस्ती तिसरीसाठी कान देऊन थांबली.

तिसरी आलीच नाही. जुन्या गावाची वाट पाण्याखालून इकडं येते, तिच्यापुरतं पाणी उथळ असतं, पाय बाजूला पडला की खोल. त्याला वाटलं असेल, कशाला ओरडत बसा, जाऊ चालत. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या पिशवीतली वांगी एकेक करून आमच्या काठाला लागली. आजही वस्तीत कुणाच्या घरी वांगं शिजत नाही.

मी त्या दिवशी बीडला होतो. पुलासाठी. त्याच बाकड्यावर.

तेव्हापासून दिवेलागणीला हाक येते. एक. मग थांबून दुसरी. मग नुसतं पाणी. मी सशाचा हत्ती करतो हे तालुक्याला ठाऊक आहे, पण या हाकेला मी कधी शेपूट लावलेलं नाही. लावायला हातच धजत नाही. ती आली की कुत्रं भुंकता भुंकता गप्प होतं. वडवणीला ऐकू जाणारा माझा चुलता गोधडीत तोंड खुपसतो. दारं लागतात. एकटी वहिनी उंबऱ्यावर उभी राहायची. ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. आणि सकाळ झाली की मला म्हणायची, भाऊजी, आज बीडला जाणार का? पूल व्हायला पायजे. कुणाला तिकडून वरडायची पाळीच यायला नको.

भाऊ गेल्यानं एक झालं, सरकार हललं. पाणी असतानाच पाहणी करायची असं ठरलं. आम्ही राजेशाही तयारी केली. तराफ्याला आंब्याचे डहाळे बांधले, मधोमध खुर्ची ठेवली, चुलत्यानं एवढा मोठा फेटा बांधला की त्याची मान दिसेना. मी हार घेऊन वडवणीच्या स्टँडवर स्वागताला गेलो. साहेब सकाळी येणार होते. दुपार झाली, हार सुकला, वस्तीवर चहा उकळून उकळून डांबर झाला. दिवस कलल्यावर लोकांनी नेहमीप्रमाणं समजून घेतलं आणि फेटा उतरला.

साहेब आले होते. दुसऱ्याच रस्त्यानं, दिवस मावळताना. चिखलात रुतू नये म्हणून जीप टेकाडामागं ठेवली आणि शिपायाला हाक मारायला सांगितलं. वाऱ्यावरून वस्तीला एक हाक ऐकू आली. मग दुसरी. पटापट दारं लागली, दिवे विझले. मी परतलो तेव्हा टेकाडामागं चाकांचे ताजे माग होते. काठावर उभा राहून तीनदा ओरडलो, तेव्हा कुठं मला माझ्याच देशात घेतलं.

पुढं कचेरीतल्या कारकुनानं निर्णय सांगितला. हाका मारूनही कोणी आढळलं नाही, दिवा नाही, हालचाल नाही. वस्ती निर्मनुष्य, पुलाची गरज नाही. मी म्हणालो, सायेब, मी तिथलाच, तुमच्यापुढं उभा हाय. कारकून माझ्याकडं बघून हळहळला. म्हणाला, तुम्ही असाल हो, पण पाहणीत नाही आहात.

हे घरी सांगितल्यावर वहिनी म्हणाली, मला न्या. धुतलेलं लुगडं नेसून ती माझ्याबरोबर बीडला आली. आम्ही साहेबांपुढं उभे राहिलो. माणूस वाईट नव्हता, त्यानं तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"बाई, आम्ही स्वतः आलो होतो," साहेब म्हणाले. "हाका मारल्या."

"किती मारल्या?"

"दोन मारल्या. अंधार पडत होता."

"मग तिसरी कावून न्हाई मारली?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना रिवाज समजावून सांगायला तोंड उघडलं, पण वहिनीची नजर आता साहेबांवर नव्हती. ती खिडकीकडं बघत होती. खिडकीबाहेर नुसती स्कूटरींची रांग.

"दोरी हातात हुती की," ती म्हणाली. "दारात उभी हुते मी. एक हाक राहिलती. कावून न्हाई मारली?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हळू आवाजात म्हणाले की पुढच्या पाहणीपर्यंत निर्णय कायम राहील.

त्या संध्याकाळपासून तराफ्याची दोरी वहिनीकडं आहे. चुलत्यानं विरोध केला नाही. दिवेलागणीला पहिली हाक आली की ती ओ देते आणि बांबू घेऊन निघते. कधी पलीकडं खरंच कुणी पाव्हणा असतो, पहिल्याच हाकेला तराफा आलेला बघून तो घाबरतो. बहुतेक वेळा कुणी नसतं. ती थोडं थांबते, बसा म्हणते, आणि परत फिरते. एकदा मी तराफ्यावर होतो. माघारी येताना माझ्यामागची रिकामी बाजू पाण्यात दबली, फळ्यांवर पाणी चढलं. आयुष्यभर जिभेवर जगलेला मी, गुडघ्यांत हात घालून समोर बघत गप्प बसलो.

यंदा पुन्हा पाहणी आहे म्हणतात. नवे साहेब आहेत आणि या वेळी पूल होईल असं कारकूनसुद्धा म्हणाला. सगळ्या वस्तीनं अर्जावर सह्या केल्या, अंगठे दिले. वहिनीकडं गेलो तर ती काठावर तराफ्याच्या गाठी आवळत बसली होती. मी कागद पुढं केला. तिनं तो घेतला नाही.

"पूल झाल्यावर, भाऊजी," ती म्हणाली, "हाक कोन मारंल?"

कागद घडी करून मी खिशात घातला आणि गाठ आवळायला दोरीचं दुसरं टोक धरलं.