पुसलेली मापं

सगळे त्यांना काटेवाले म्हणत. किराणा दुकानापासून औषधांच्या प्रयोगशाळेपर्यंत कुणाचाही वजनकाटा बिघडला की तो त्यांच्याच टेबलावर यायचा. तीस वर्षांत त्यांच्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती, आणि याचा त्यांना जरा गर्वच होता.

त्यांची बायको शिवणकाम करायची. तयार कपडे ज्यांना बसत नाहीत, अशांचेच कपडे ती शिवे: पाठीला बाक आलेले, एक खांदा उतरलेले, एक हात बारीक राहिलेले. प्रत्येकाची मापं घेऊन ती घरच्या कॉम्प्युटरवर कापडाचा नमुना आखून ठेवायची. नऊ वर्षांत त्रेचाळीस माणसांचे नमुने जमले होते.

कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. सुरू करून भाजी चिरायला बसावं, तर भाजी चिरून व्हायची आणि पडदा काळाच असायचा. त्यातच जुन्या सिस्टिमच्या दुरुस्त्या येणं बंद झालं आणि नवी त्या मशीनला झेपणार नव्हती. प्रयोगशाळेतल्या एका गिऱ्हाइकाने काटेवाल्यांना लिनक्स नावाच्या सिस्टिमबद्दल सांगितलं. फुकट असतं, जुन्या मशीनवरही पळतं आणि आतला कोड कुणालाही वाचता येतो. ज्याचं झाकण उघडता येतं ते सगळं काटेवाल्यांना आवडायचं. त्यांनी आठ दिवस वाचन केलं, ते बसवायचा पेनड्राइव्ह तयार केला.

"करा काय करायचं ते," बायको म्हणाली, "पण आधी माझे नमुने बाजूला काढा."

"अगं, ते काय सांगायला पाहिजे?"

ती कापड आणायला गेली तशी त्यांनी पडद्यावरचं 'नमुने' नावाचं चित्र उचलून दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकलं. डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच कॉपी झाली. नऊ वर्षांचं काम इतक्या झटपट कसं गेलं, असा प्रश्न त्यांच्या मनात आलाही. पण हात शिवशिवत होते. 'संपूर्ण डिस्क पुसा' यावर खूण करून ते पुढे गेले.

नवी सिस्टिम झकास चालली. मग त्यांनी पेनड्राइव्ह उघडला. आत फोल्डर नव्हताच, फोल्डरकडे नेणारा नुसता शॉर्टकट होता. घराचा पत्ता जपून ठेवला होता आणि घर पाडलं होतं.

त्यांनी हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम चालवून पाहिला. चार-दोन तुटके तुकडे निघाले, तेही उघडेनात. बायको परत आली तेव्हा ते घामाघूम होऊन बसले होते.

"काय झालं?"

"डिस्क आतून सडली होती," ते म्हणाले. "मी हात लावायच्या आधीच. खूप प्रयत्न केला."

तिने कापडाची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार? पाणी प्या."

दोन दिवसांनी तिच्या बहिणीचा फोन आला. "नसते उद्योग करायला सांगितलं कुणी भावोजींना?" असं काहीतरी ती म्हणाली असावी, कारण बायकोचा आवाज चढला. "त्यांना बोलायचं काम नाही. त्यांनी होतं ते वाचवायचा प्रयत्न केला," ती म्हणाली आणि फोन ठेवला. काटेवाले शेजारच्या खोलीत मान खाली घालून बसले होते. आत्ता सांगावं असं त्यांना वाटलं. सांगितलं मात्र नाही.

अकराव्या दिवशी पाठीला बाक असलेल्या एक शिक्षिका आल्या. मापं परत घ्यावी लागतील असं बायकोने म्हटल्यावर त्या दारातच थांबल्या.

"तुम्ही म्हणाला होतात, मापं एकदाच द्यावी लागतील."

"चूक झाली, ताई. डिस्क गेली."

त्या मापं द्यायला कोपऱ्यातल्या कापडी पडद्यामागे गेल्या. काटेवाल्यांना बाहेर फक्त बायकोचा हळू आवाज ऐकू येत होता, आणि मधूनमधून शिक्षिकांचं नाक ओढणं. त्या कुणाकडेही न बघता निघून गेल्या.

दार लागल्यावर काटेवाले बायकोसमोर उभे राहिले. "डिस्क सडली नव्हती. मी शॉर्टकट कॉपी केला. बघितलं नाही. आणि खोटं बोललो."

तिने हातातली टेप गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"नमुने गेले याचं मला वाईट वाटलं, तरी ते सोसलं असतं," ती म्हणाली. "तुमच्यासाठी मी बहिणीशी भांडले. आज त्या बाईंनाही खोटंच सांगितलं, तुमच्यामुळे. आता सगळ्यांना खरं सांगायचं, ते तुम्ही. मी नाही."

त्यांनी सांगितलं. पहिला फोन मेहुणीला केला. ती एवढंच म्हणाली, "बरं झालं सांगितलंत," आणि तेच जास्त बोचलं. मग एकेक गिऱ्हाईक. कुणी हसले, कुणी वैतागले. शिक्षिकांच्या घरी ते स्वतः गेले. बाईंनी दारातच ऐकून घेतलं, "ठीक आहे" म्हणाल्या आणि दार लावलं. पुढे त्या आल्या, पण ते कामावर असतील अशाच वेळी.

वर्षभरात छत्तीस नमुने पुन्हा आखून झाले. नव्या सिस्टिममधला फुकटचा आखणीचा प्रोग्राम बायको स्वतःच शिकली आणि तिला तो जुन्यापेक्षा सोपा वाटला. दर शनिवारी ती दोन पेनड्राइव्हवर कॉपी करते आणि प्रत्येक फाइल उघडून बघते.

"मी करून देऊ?" काटेवाले अजूनही विचारतात.

"नको," ती म्हणते. आवाजात राग नसतो. ते तिथून उठून चहा ठेवायला जातात.