सातव्या ओळीवरचं लोखंड

माझी भाची इरावती माझ्याकडेच राहते, इंदूरला लोकमान्यनगरात. वय एकतीस. जमिनीखालचं तांबं शोधणाऱ्या एका खाजगी कंपनीत नोकरी.

"तांबं चुंबकाला चिकटतं का गं?" मी एकदा विचारलं.

"नाही आत्या. पण त्याच्याजवळ कधीकधी चुंबकी खनिज असतं. त्याचा माग काढायचा."

जमिनीचं चुंबकत्व मोजणारं मशीन घेऊन चालणाऱ्याच्या अंगावर लोखंडाचा कणही चालत नाही. म्हणून ती केसांच्या पिना, घड्याळ, किल्ल्या सगळं काढते आणि केस सुती नाडीने बांधते. मोबाइल गाडीत राहतो.

नऊ मेला ती बैतूलकडच्या एका रिकाम्या शेतात मोजणीसाठी आखलेल्या ओळींपैकी सातवी ओळ चालत होती. सहकारी अंकुर तीनशे मीटरवर, गाडीपाशी. शेतमालक दौलतसिंह बांधावर बसला होता. चाळीस मीटरवर मशीनचा आकडा एका पावलात आठशेंनी उडाला आणि दोन पावलांत खाली आला. खोलवरच्या खनिजाचा आकडा हळूहळू चढतो. हे वरवर पुरलेलं होतं.

"क्या निकला मैडम, सोना?" दौलतसिंहने ओरडून विचारलं.

"सोना कहाँ, काका! लोहा गाड़ रखा है आपने. पूरी मोटरसाइकिल जितना."

ती थट्टा करत होती. त्याचा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलीसकट नाहीसा झालाय, हे तिला कुठून ठाऊक असणार?

तो फावडं घेऊनच आला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसऱ्याने डावा हात मोडला. ती पडली तर छातीवर, तोंडावर लाथा. तिच्या हाती मशीनचा अॅल्युमिनियमचा दांडा होता. तो तिने त्याच्या तोंडावर हाणला, दोन दात पाडले. त्याने तिचा गळा धरला. अंकुर धावत येऊन त्याच्यावर कोसळला, तेव्हा कुठे सुटली.

इंदूरच्या इस्पितळात कळलं: तीन बरगड्या आणि हात मोडलेला, जबडा फुटलेला. तिकडे दौलतसिंह पोलिसांना सांगत होता, मॅडमनेच शिव्या दिल्या, आधी मारलं. ती इस्पितळात असताना मशीन त्याने दगडाने चेचलं होतं, ओळींच्या खुणा उपटून शेत नांगरलं होतं. इराने पुरलेल्या लोखंडाचं सांगितलं, तर फौजदार म्हणाला, "चार एकड़ में कहाँ खोदें?"

तेविसाव्या दिवशी इरा हट्टाने गेली. मीही गेले. ओळी शेतातल्या विहिरीच्या कठड्यापासून आखलेल्या होत्या; तिथूनच तिने पोलिसांना टेप धरायला लावली, सातवी ओळ मोजली, चाळीसवर थांबली. "यहाँ."

खणल्यावर चार फूट खाली मोटरसायकलचं हँडल लागलं. त्याखाली हाडं, कवटी मागून फुटलेली.

दौलतसिंहला बेड्या घालून खड्ड्याशी आणलं. तो इराकडे पाहून थुंकला. इराने प्लास्टरचा हात त्याच्या तोंडावर हाणला. पुन्हा हाणला. प्लास्टर तडकलं.

"बस करो, बेटी," फौजदार म्हणाला, पण जागचा हलला नाही.

सगळे माझ्याकडे पाहू लागले, आता म्हातारी तरी आवरेल म्हणून. मी मधे पडले नाही.