बारवेत पाय नाही

वैशाखातली सकाळ, निजामाच्या राज्याची अखेरची वर्षं, बोरीजवळचं आमचं गाव. ओसरीवर हजर: मी, सासूबाई, धाकटी जाऊ आणि तालुक्याच्या दवाखान्यातून आलेले डॉक्टर. गैरहजर: मालक आणि दीर, सेलूला सरकी आणायला गेलेले.

जावेच्या घोट्याजवळ फोड आला होता. नारू. दोऱ्यासारखा हा जंत कातडीतून हळूहळू बाहेर पडतो. ओढला तर तुटतो आणि पाय सडतो. आदल्या उन्हाळ्यातही ती अशीच खाटेवर होती. पुढच्या वर्षी तरी तिनं चालतं राहावं, एवढंच मला हवं होतं.

सासूबाईंच्या मते शिळं ताक भोवलं होतं. डॉक्टर म्हणाले, “कारण नंतर सांगा. आधी पाणी कुठलं पिता ते सांगा.”

घरोघर ते एवढंच विचारत फिरले. बायकांशी बोलायला मी सोबत होते. वरच्या आळीत आडाचं पाणी, पोहऱ्यानं शेंदलेलं. तिथं नारू नाही. खालच्या आमच्या आळीत बारवेचं, पायऱ्या उतरून पाण्यात उभं राहून भरलेलं. तिथं एकाआड एक घरात कोणीतरी खाटेवर. शिळं ताक दोन्ही आळ्या पितात, म्हणजे ताक सुटलं. जे दोन्हीकडे सारखं ते खोडायचं, ही रीत मला तिथंच पटली.

मग त्यांनी बारवेचं पाणी बाटलीत घेऊन उन्हात धरलं. बारीक ठिपके उड्या मारत होते. तेच पाणी दुपदरी धोतरातून गाळलं, तर ठिपके कापडावर राहिले. फोड पाण्यात बुडाला की नारूची पिल्लं सुटतात, पाण्यातले हे ठिपक्यांएवढे किडे त्या पिल्लांना खातात आणि ते किडे आपण पाण्याबरोबर पितो. जंत बाहेर यायला मात्र वर्ष लागतं, असं त्यांनी समजावलं.

आणि आमच्याकडे फोडाची आग सोसवेना झाली की माणसाला उचलून बारवेवर न्यायचे, पाय पाण्यात सोडायला. मायेनंच न्यायचे.

त्याच दुपारी जाऊ कळवळू लागली. सासूबाई तिला न्यायला उठल्या. मी दारात घंगाळ भरून ठेवलं.

“जीव जायलाय तिचा, अन् तू डॉक्टरीण व्हायलीस व्हय?”

“गारवाच पाहिजे ना, आत्याबाई? पाय ह्यात बुडू द्या. बारवेत न्हाई.”

जावेनं पाय सोडला आणि रडतारडता म्हणाली, “आक्का, नवरदेवावानी पाय धुवायलाव की माझे.”

ते पाणी मी लांब, तापलेल्या मुरमावर ओतून आले.

त्या दिवसापासून घरात पाणी दुपदरी फडक्यातून गाळून पिऊ लागलो. ज्येष्ठात सासूबाईंनाच फोड आला. गाळून पिऊनही आलाच की, म्हणत घरानं फडकं टाकून दिलं. हा गेल्या वर्षीच्या पाण्याचा, पारख वर्ष भरल्यावरच होईल, असं मी परोपरीनं सांगितलं. कोणी ऐकेना, तेव्हा रांजणच ताब्यात घेतला. फडकं उलटं धरलं तर अडकलेले किडे परत पाण्यात जातात, म्हणून वरच्या बाजूला लाल दोऱ्याचा टाका घातला. शेतावर जाणाऱ्यांना गाळलेल्या पाण्याचं मडकं देऊ लागले. मालक हसले, पण मडकं घेऊन गेले.

पुढचा वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. शेजारी नारू होताच. आमच्या घरी कोणाला आला नाही. जाऊ लेकराला कडेवर घेऊन शेतात जात होती. सासूबाई म्हणाल्या, महादेवाची कृपा. मी फडकं धुऊन वाळत घातलं.

पण फडकं धरणारं माणूस आजारी पडलं की संपलं. पायऱ्याच बुजवून वरून पाणी शेंदायला हवं. तळाच्या पायरीशी महादेवाची पिंड आहे, देवाची वाट कशी बुजवायची, असं जाणती माणसं म्हणतात. पिंड वर आणून बसवू, असं मी त्यांना सांगितलंय. दगड येऊन पडलेत, सुतारानं पाणी शेंदायच्या रहाटाचं चाकही करून दिलंय. पायऱ्या अजून उघड्याच आहेत.