विहीण गप्प बसते तेव्हा

माझ्या नातीचं दुसरं वर्ष सरत आलं तरी ती माझ्याशी बोलत नव्हती. विहिणीशी बोलायची. ते मला टोचायचं, अजूनही टोचतं.

विहीण म्हणजे माझ्या सुनेची आई. तीही आर्वीतच राहते. लेकीला मूल होईपर्यंत तिनं रीत म्हणून आमच्या घरचं पाणीही घेतलं नाही. नात झाल्यापासून मात्र तिची ही नानी रोज दुपारी हजर. विहिणीला काम सांगता येत नाही, चहा मीच करायचा. म्हणजे मी गॅसपाशी आणि नात तिच्या मांडीवर.

सुनेच्या ओळखीनं नागपूरहून एक मुलगी आली. लहान मुलं बोलायला कशी शिकतात, याचा अभ्यास करते म्हणाली. नातीच्या फ्रॉकला तिनं खिसा शिवला आणि त्यात आवाज टिपणारी, काडेपेटीएवढी मशीन ठेवली. दिवसभर घरात कोण काय बोलतं, ते सगळं त्यात जाणार होतं.

मी चौथीपर्यंत शिकले. आमचे मास्तर जास्त लिहिणाऱ्याला जास्त मार्क द्यायचे. मला वाटलं, इथंही जिचं बोलणं जास्त निघेल, तिची नात. सकाळपासून तोंड चालू ठेवलं. दूध, मांजर, शेजारणीचं भांडण, सगळं त्या फ्रॉकला सांगितलं. मुलगा म्हणाला, "मा, घसा बसन तुहा." बसलाच.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीनं आम्हाला थोडं ऐकवलं. विहीणही होती. आधी माझाच आवाज, भोंग्यासारखा. नातीचा एक शब्द नाही. मग विहिणीचा आवाज आला: "हे काय व्हय वो माय?" पुढं काहीच नाही.

"बंद पडली का वो तुही मशीन?" मी विचारलं.

"नाही आजी, थांबा."

तुरीच्या शेंगा सोलल्याचा आवाज येत होता. विहीण नुसती वाट पाहत होती. मग नात बोलली, "शेंग."

"शेंग! हिरवी हाये न?" पुन्हा तसंच शांत. मग, "हिव्वी."

ती मुलगी म्हणाली, लहान मुलाला शब्द आठवून तो तोंडात जुळवायला आपल्यापेक्षा वेळ लागतो. तेवढी जागा मिळाली की ते बोलतं.

"मंग मी बोलली ते वाया गेलं काय?"

"नाही आजी, ऐकूनही शब्द येतातच."

विहीण हसली. "तुमी थांबान तवा ते बोलन न, इहीनबाई!"

मी चहा करायला उठले. तिच्या कपात साखर कमी टाकली.

दुसऱ्या दिवशी ती यायच्या आत मी नातीपुढं वाटी धरली. "हे काय व्हय?" म्हटलं आणि ओठ मिटले. असं बसणं फार कठीण. उत्तर माझ्याच तोंडाशी येत होतं, ते गिळत राहिले. नातीनं वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले.

"नानी कुठी?"

माझ्याशी ती पहिल्यांदा धड बोलली, ते हे.

"नानी येत नाई आज," मी सांगितलं. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. मी जागची उठले नाही. "अजून काय म्हनतं?" नातीला विचारलं आणि तोंड बंद ठेवलं.