डॉक्टर बघताहेत

माधव केळुसकर गेल्या महिन्यात, एका मंगळवारी, इंग्लंडमध्ये मेडनहेडला मुलाच्या घरी झोपेत गेले. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. नर्स असलेली त्यांची सून केतकी सकाळी वॉर्डवरून घरी आली, चहा झालेला दिसला नाही म्हणून त्यांच्या खोलीत गेली आणि तिने नाडी पाहिली. तिचा मला आलेला मेसेज दोन ओळींचा होता. "बाबा गेले. मी सांगेपर्यंत कुणाला कळवू नका, प्लीज." तिने सांगायच्या आधीच दुपारी बातमी पुण्या-मुंबईच्या वेबसाइटवर आली होती. मी पाहिले त्यांतल्या बहुतेक मथळ्यांत केळुसकर हे नाव नव्हतं. 'डॉ. इनामदार गेले' असं होतं.

डॉ. इनामदार हे मालिकेतलं पात्र. गावात राहणारा, फी न घेणारा, कुणाच्याही दारात अर्ध्या रात्री उभा राहणारा डॉक्टर. केळुसकर मूळचे बँकेतले. संध्याकाळी नाटकात छोटी कामं करायचे. पन्नाशीत ही भूमिका मिळाली आणि काही वर्षं महाराष्ट्रात घराघरांत मालिकेच्या वेळेला जेवणं थांबत. पत्नी गेल्यावर ते मुलाकडे, निखिलकडे, इंग्लंडला आले. आम्हा दोघांची ओळख इथलीच. मी वर्तमानपत्रातून निवृत्त होऊन लेकीकडे आलेला, त्यांना बोलायला माणूस हवं होतं. शनिवारी आम्ही नदीकाठी चालायचो. तिथेही लोक गाठायचे. एकाने बाकावर बसवून रक्ताचा रिपोर्ट पुढे केला होता. "जरा कोलेस्टेरॉल बघता का?" माधवराव म्हणाले, "अहो, मी बी.कॉम. आहे." तो हसला. "इथल्या जीपी डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत म्हातारा होईन मी. तुम्ही नुसती नजर टाका हो." त्यांनी नजर टाकली, कपाळाला हलकी आठी घातली, "तळलेलं कमी करा" म्हणाले. तो माणूस समाधानाने गेला. माधवरावांना तेव्हा हे आवडत होतं. तसं ते म्हणतही.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत इथल्या मराठी मंडळाने स्लाऊमधल्या एका शाळेचा हॉल घेतला होता. माधवराव प्रमुख पाहुणे होते. केतकी मागे किचनमध्ये फराळाच्या प्लेट्स भरत होती. मी शेवटून दुसऱ्या रांगेत होतो, दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच लिहितो. भाषण चालू असताना पुढच्या रांगेतले मोघे छातीवर हात ठेवून खुर्चीवरून खाली घसरले. ते निवृत्त अकाउंटंट, शांत गृहस्थ. कुणीतरी ॲम्ब्युलन्ससाठी ९९९ला फोन लावला. बाकीचे मात्र स्टेजकडे वळले. "डॉक्टर! इनामदार डॉक्टर, इकडे या!" लोकांनी खुर्च्या सरकवून वाट केली. माधवराव उतरले, गुडघ्यावर बसले आणि मोघ्यांचं मनगट हातात घेतलं. मोघ्यांनी डोळे उघडले. "डॉक्टर आले," असं ते बायकोला म्हणाले. मग डोळे मिटले.

त्यानंतर वाट बंद झाली. भोवती माणसांची भिंत झाली आणि तिच्यावरून फोन उंचावले. केतकी किचनमधून धावत आली ती या भिंतीशी अडली. एका स्वयंसेवकाने हात आडवा घातला. "ताई, जरा मागे व्हा. डॉक्टर बघताहेत." "ते डॉक्टर नाहीत, माझे सासरे आहेत! सोडा मला, मी नर्स आहे!" यावर कुणीतरी हसल्याचं मला ऐकू आलं. ती लोकांच्या पायांमधून वाकून आत शिरली, माधवरावांना खांद्याने बाजूला सारलं आणि मोघ्यांच्या छातीवर दाब द्यायला लागली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती थांबली नाही. मोघे दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये वारले. केतकी आधी पोचली असती तर ते वाचले असते का, याचं उत्तर तेव्हा कुणापाशी नव्हतं, आजही नाही.

त्याच आठवड्यात मंडळाच्या पानावर एक क्लिप आली. मनगट धरून बसलेले माधवराव, मागे मालिकेचं शीर्षकसंगीत, खाली ओळ : 'पडद्यावरचा डॉक्टर प्रत्यक्षातही धावून आला!' केतकीचा आवाज त्या संगीताखाली गेला होता आणि ती आत पोचायच्या आधीच क्लिप संपत होती. माधवरावांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की आपण काहीच केलेलं नाही, उलट आपल्यामुळे सुनेला आत येता आलं नाही. उत्तरादाखल हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. 'किती हा विनम्रपणा!' 'याला म्हणतात मोठा माणूस!' त्यांनी पुन्हा लिहिलं, जास्त कडक शब्दांत. मंडळाचे अध्यक्ष दातार यांनी फोन केला. "डॉक्टरसाहेब, तुम्ही उगाच गिल्ट घेताय." माधवराव म्हणाले, "मला साहेब म्हणू नका आणि डॉक्टर तर मुळीच म्हणू नका." हे वाक्यही दातारांनी पुढच्या कार्यक्रमात कौतुकाने सांगितलं.

मोघेकाकू त्यांना भेटायला घरी आल्या, तेव्हा मी तिथे होतो. माधवरावांनी त्यांच्यासमोर सगळं सरळ मांडलं. काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "मला माहीत आहे, मी त्यांच्या उशाशीच होते," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी तुम्हाला पाहिलं आणि त्यांची भीती गेली, तेही मीच पाहिलं... आता यातलं काय धरू, तुम्हीच सांगा."

नदीकाठी ते फक्त एकदा या विषयावर बोलले. "नाडी मला लागलीच नव्हती," ते म्हणाले. "माझा अंगठा नुसता तिथे होता. चेहरा मात्र आपोआप चालू झाला. ती आठी, ते मान हलवणं... 'अहो, मला यातलं काही येत नाही' एवढं म्हणून उठायचं होतं. पण सगळे बघत होते रे." थोडं चालून गेल्यावर त्यांनी विचारलं, "केतकीला कुणी थांबवून फोटो मागितलेला तू कधी पाहिलास?" मी नाही म्हटलं.

त्यानंतर ते मंडळात गेले नाहीत. इथल्या कम्युनिटी सेंटरमध्ये प्रथमोपचाराचा वर्ग चालतो, तिथे त्यांनी नाव घातलं. गुडघे दुखत असताना जमिनीवर बसून रबरी पुतळ्याच्या छातीवर दाब द्यायला ते शिकले. शिकवणारी मुलगी इंग्रज होती. ती त्यांना 'मिस्टर के' म्हणायची आणि 'हार्डर, मिस्टर के!' म्हणून ओरडायची. हे सांगताना ते हसत. अशात त्यांना हसताना मी पाहिलं ते तेव्हाच. वर्ग संपल्यावरही सराव सुटला नाही. सकाळी चहा व्हायच्या आत ते बैठकीच्या खोलीत सोफ्यावरची उशी गालिच्यावर ठेवत, हाताची बोटं एकमेकांत गुंतवून तिच्यावर दाब देत आणि मोठ्याने मोजत. केतकी शिफ्टवरून आली की दारातूनच सांगायची, "बाबा, कोपरं वाकतायत." ते कोपरं सरळ करायचे.

निखिलला त्यांनी दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. आपल्यामागे पांढऱ्या कोटातला फोटो लावायचा नाही आणि त्या दिवशी हॉलमध्ये काय झालं ते एकदा चारचौघांत नीट सांगायचं. निखिलने दोन्ही दातारांच्या कानावर घातल्या. दातार म्हणाले, "बघतो."

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. स्टेजवर पांढऱ्या कोटातला फोटो होता. दातारांनी, मग पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आलेल्या एका सहकलाकाराने इनामदारांच्या आठवणी सांगितल्या. निखिल बोलायला उठला, पण पहिल्या वाक्यानंतर त्याला बोलवेना आणि तो खाली बसला. तेव्हा मोघेकाकूंनी माइक मागून घेतला. "माझ्या नवऱ्याच्या छातीवर हात होते ते केतकीचे," त्या म्हणाल्या. "तिला तुम्ही अडवलंत. माधवरावांना हे सांगायचं होतं, ते मी सांगते." दातारांनी माइक परत घेतला. "काकूंच्या भावना आपण सगळेच समजू शकतो," असं म्हणून त्यांनी दिवे मंद करायला सांगितले. पडद्यावर ती क्लिप लावण्यात आली. शीर्षकसंगीत सुरू झाल्यावर काही जण उभे राहिले, मग सगळे राहिले. मोघेकाकू बसून होत्या. केतकी सभेला नव्हती, ती वॉर्डवर होती.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेलो होतो. क्लिप मंडळाच्या पानावर आहे, तिच्याखालची ओळ तीच आहे. माधवरावांची खोली आवरून झाली आहे, कपडे चॅरिटी शॉपमध्ये दिले. बैठकीच्या खोलीत सोफ्यावर तीन उशा आहेत. दोन फुगीर आहेत. तिसरी मधोमध दबलेली आहे.