अध्यक्षसाहेबांची वैद्यकीय तपासणी

झेनॉन क्रुकची कंपनी बुडाली, अशी बातमी सप्टेंबरच्या शेवटी आमच्या जिन्यात फुटली. तळमजल्यावरच्या बोझेनाबाईंनी त्याला सरकारी कचेरीतून कागदांची चळत घेऊन लंगडत उतरताना पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्यावर त्याची गाडी लिलावातसुद्धा निघाली.

खरं सांगायचं तर ती कंपनी बुडण्याइतकी मोठी कधी नव्हतीच. मालक झेनॉन, कामगार झेनॉन, बिलं करणाराही झेनॉन. मालमत्ता म्हणाल तर एक रबरी शिक्का. कंपनी बंद करायची तर काय करावं लागतं, एवढंच विचारायला तो गेला होता.

बावीस वर्षं तो पोलंडमधल्या ग्दिनिया बंदराच्या त्याच गोदीत, त्याच फाटकातून जाऊन जहाजाचे पत्रे वेल्ड करत आला होता, पण कंत्राटदार म्हणून. शेजारी वाकलेल्या कायम कामगारापेक्षा दीडपट पैसे त्याच्या हातात पडत. म्हणून आम्ही सगळे त्याला अध्यक्षसाहेब म्हणायचो आणि तोही मान डोलवून घ्यायचा. आजारपणाच्या विम्याचा हप्ता त्याच्या खुशीवर होता. पहिल्याच वर्षी त्यानं त्या रकान्यावर काट मारली. लोखंडाला कसला आलाय ताप, म्हणाला. लोखंड गंजतं हे वेल्डरनंच विसरावं, म्हणजे कमाल झाली.

गंजला तो गुडघा. दोन वर्षं सरकारी इस्पितळाच्या यादीत ताटकळल्यावर शस्त्रक्रियेची तारीख मिळाली: नऊ नोव्हेंबर. चुकली की पुन्हा रांगेच्या शेपटाला. त्यानंतर तीन महिने घरी बसायचं, आणि कंत्राटदार घरी बसला की चूलही बसते. शिवाय कंत्राट महिन्याच्या सूचनेवर तोडता येत होतं. म्हणून गोदीत तो फोरमन दिसला की पाय सरळ टाकी आणि वळणापलीकडे गेल्यावर भिंत धरी.

अशात फोरमन लेशेकनं त्याला बाजूला घेतलं. ऑक्टोबरपासून कायम नोकरी, हातात पैसे तिसऱ्या हिश्शानं कमी, शुक्रवारपर्यंत सांग. महिना भरला की आजारपणातही पगाराचे ऐंशी टक्के. झेनॉनच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मग लेशेक म्हणाला, आधी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंकडून धडधाकट असल्याचा दाखला आण.

म्हणजे आजारपणाची रजा हवी तर आधी आजारी नसल्याचं सिद्ध करा. तीन दिवस घरात एकच वाद. बायको याद्विगा म्हणे, खरं सांगून टाक. तो म्हणे, खरं सांगितलं तर नोकरी नाही, आणि लेशेकच्या कानावर गेलं तर कंत्राटही नाही. रोज सकाळी तो न्हाणीघरात बेसिनला धरून उठाबशा काढी. भिंतीपलीकडे आम्हाला गुडघ्याआधी त्याचे दात कडकडलेले ऐकू येत.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला, डोळे पाहिले, आणि उकिडवं बसायला सांगितलं. तो अर्ध्यावर जाऊन थांबला. कपाळावर घाम.

"क्रुकसाहेब, आणखी खाली."

"बाई, खाली जाईन. वर यायचं वचन देत नाही."

मग त्यानं सगळं सांगून टाकलं, तारखेसकट. बाईंनी सगळं ऐकून लिहिलं: कामास योग्य, शिडी आणि उकिडवं काम वर्ज्य. तो कागद झेनॉननं लेशेकच्या हातात दिला. लेशेकनं वाचला, डोकं खाजवलं, म्हणाला, सुटे भाग टेबलावर वेल्ड करायला तरी माणूस लागतोच. चांगले वेल्डर सगळे नॉर्वेला पळालेत. शुक्रवारी सही झाली.

जिन्यात बोझेनाबाई वाट अडवून उभ्याच होत्या. "काय अध्यक्षसाहेब, या वयात नोकर झालात म्हणे, तेही कमी पैशांत? परवडलं का सांगा तरी."

झेनॉननं कठडा धरला, एक पायरी चढला आणि म्हणाला, "पैसे कमीच आहेत, बोझेनाबाई. पण कालपर्यंत हा गुडघा माझा एकट्याचा होता. आता अर्धा गोदीचा आहे."